"पाडू नकोस" म्हणायचं असेल, तर पुढचं सगळं असं निभवा

दिवस गेल्याचं कळल्यावर पोरगी सगळ्यांत आधी ज्या बाईला सांगते, ती आत्या असेल, मावशी असेल नाहीतर गावातली आशाताई, तिच्यासाठी हे लिहिलं आहे. आमची बाजू सरळ सांगतो. पोटातल्या जिवाला जन्म मिळावा, आणि आईला तो सांभाळणं जमणार नसेल तर ज्या घरात त्याची वाट बघितली जाते तिथं तो कायद्याच्या वाटेनं जावा, असं आम्हाला वाटतं. पण "पाडू नकोस, पाप लागंल" एवढं बोलून चहाचा कप खाली ठेवून उठणाऱ्या माणसांचा या कामात काही उपयोग नाही. त्या एका वाक्याच्या मागं सात-आठ महिने कुठंतरी राहणं आहे, तपासण्या आहेत, बाळंतपण आहे, बाळ द्यायचं असेल तर बालकल्याण समितीपुढं उभं राहणं आहे आणि त्यानंतरचे फेरविचाराचे साठ दिवस आहेत. ते अंगावर घेणार नसाल तर ते वाक्यही बोलू नका.

निर्णय कुणाचा, हेही आधीच स्पष्ट असू द्या. १९७१ चा गर्भपाताचा कायदा २०२१ मध्ये दुरुस्त झाला. त्यात सांगितलेल्या कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं आणि ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं गर्भपात करता येतो. बाई सज्ञान असेल तर संमती फक्त तिची लागते; नवऱ्याची नाही, बापाची नाही, आपली तर नाहीच. तिला थांबवण्यासाठी तारखा लांबवणं, रिपोर्ट दडवणं, "एकदा पाडलंस की पुन्हा कधी मूल होणार नाही" असली भीती घालणं हे सगळं खोटेपणाचं आहे, आणि ते शेवटचं वाक्य वैद्यकीयदृष्ट्याही खोटं आहे. खोट्यावर उभा केलेला होकार सातव्या महिन्यात कोसळतो. मग तिच्याजवळ ना गर्भपाताची वाट उरते ना तुमच्यावरचा विश्वास.

आधी आठवडे मोजा

"दोन महिने झाले असतील" हे उत्तर चालत नाही. शेवटची पाळी ज्या तारखेला सुरू झाली ती तारीख लिहून घ्या. तिच्यात नऊ महिने सात दिवस मिळवले की बाळंतपणाचा अंदाज येतो: ५ जानेवारीला पाळी आली असेल तर १२ ऑक्टोबर. २० आठवडे त्याच हिशेबानं २५ मेच्या आसपास भरतात. पाळी अनियमित असेल तर हा हिशेब चुकतो, म्हणून सोनोग्राफी लवकर करून घ्या. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी दिवस सगळ्यांत नेमके सांगते आणि गर्भ पिशवीतच आहे, नळीत नाही, हेही तिथंच कळतं. नळीतला गर्भ वाढवता येत नाही. तो आईच्या जिवावर उठतो. तिथं आमच्यासारख्यांनीही वाद घालायचा नसतो, दवाखाना गाठायचा असतो.

ती तुमच्याकडं येण्याआधीच कुणीतरी चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून गोळ्या आणून दिल्या असतील, असं बऱ्याचदा घडतं. ते रागावून विचारलं तर ती नाहीच म्हणणार. शांतपणे विचारा: काही घेतलंस का, किती, कधी. तासाला दोन मोठे पॅड भिजतील एवढा रक्तस्राव सलग दोन तास झाला, चक्कर आली, ताप आला किंवा घाण वास येऊ लागला तर १०८ ला फोन करून सरळ सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या. डॉक्टरांना खरं सांगा. गोळ्यांचं नाव लपवलं तर उपचारात वेळ जातो.

वय अठराच्या आत असेल तर

इथं वाट वेगळी होते. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा लागतो. लग्न लावून दिलेलं असलं तरी लागतो, आणि "दोघांची मर्जी होती" हे उत्तर कायद्यात बसत नाही. ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाही गुन्हा आहे. पुष्कळ घरं इथंच घाबरून पोरीला लांबच्या पाहुण्यांकडं पाठवून देतात आणि बाळ तिकडंच परस्पर कुणाला तरी देऊन मोकळी होतात. मग पुढं गुन्हा एकाचे तीन होतात. १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनवर फोन करा. तिथून जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा माणूस जोडून मिळतो. पोलिसांपुढं, डॉक्टरांपुढं आणि समितीपुढं पोरीबरोबर एकच विश्वासाची बाई सगळीकडं असावी. दर वेळी नवीन चेहरा आणि दर वेळी पहिल्यापासून तीच गोष्ट सांगायला लागणं, यानं पोरगी गप्प होते.

पुढचे महिने कुठं काढायचे

पोट दिसायला लागतं साधारण पाचव्या महिन्यात, तेव्हा राहण्याची सोय त्याच्या आधी ठरलेली हवी. घरात सांगता येत असेल तर घर सगळ्यांत बरं. घरातून हाकललं असेल किंवा मारहाण असेल तर १८१ या महिला हेल्पलाइनवरून सखी केंद्र गाठता येतं. तिथं थोड्या दिवसांचा निवारा, पोलीस आणि वकिलाची मदत एका छताखाली मिळते. महिनोन् महिने राहायचं असेल तर शक्ती सदन असतं. जुनी माणसं त्याला अजून स्वाधार म्हणतात. प्रवेशासाठी महिला व बालविकास कार्यालयात भेटा आणि दोन प्रश्न तिथंच विचारून घ्या: गरोदर बाईला घेता का, आणि बाळंतपणानंतर किती दिवस ठेवता. हे आधी विचारलं नाही तर आठव्या महिन्यात पिशवी उचलून नवीन जागा शोधावी लागते.

कुणी ओळखीचं "आमच्याकडं राहू दे, सगळा खर्च आम्ही करतो, बाळ मात्र आमच्या बहिणीला" म्हणालं, तर तिथं राहायचं नाही. हा सौदा आहे. पुढं त्यावर लिहिलंच आहे.

नाव नोंदवा, आणि खरं नोंदवा

बारा आठवड्यांच्या आत प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात नोंदणी झाली पाहिजे. माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं, त्यावर बाळंतपणापर्यंतची सगळी नोंद होते. लग्न झालंय का, हे विचारतील. नाही म्हणून सांगा, कार्ड तरीही मिळतं. गावातल्या उपकेंद्रात बोभाटा होईल अशी भीती असेल तर तालुका सोडून गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा कोल्हापुरात सीपीआरला नोंदवा. जागा बदला, पण नाव बदलू नका.

केसपेपरवर दुसऱ्याच बाईचं नाव घालायची कल्पना फार जणांना सुचते. इथंच सगळं बिघडतं. केसपेपरवरचं नाव डिस्चार्ज कार्डवर जातं, तिथून जन्माच्या दाखल्यावर. समितीपुढं उभी राहिलेली बाई आणि दाखल्यावरची आई वेगळ्या निघाल्या की बाळ कुणाचं, हाच प्रश्न उभा राहतो, पोलीस चौकशी लागते आणि बाळ महिनोन् महिने अडकून पडतं. शिवाय रक्तगट एकीचा आणि रक्त दुसरीला, असला जीवघेणा घोटाळा होऊ शकतो तो वेगळाच.

तपासण्या कमीत कमी चार. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, लघवी, एचआयव्ही, कावीळ बी, गुप्तरोगाची तपासणी, आणि दर वेळी रक्तदाब व वजन. धनुर्वाताची दोन इंजेक्शनं चार आठवड्यांच्या अंतरानं. पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक ॲसिड; चौथ्या महिन्यापासून लोहाची रोज एक गोळी, निदान १८० दिवस; कॅल्शियमच्या दिवसाला दोन. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी गिळायचं नाही, आणि लोहाच्या गोळीवर चहा तर अजिबात नाही, नाहीतर लोह अंगी लागत नाही. सकाळी कॅल्शियम, दुपारी जेवणानंतर लोह, रात्री पुन्हा कॅल्शियम, असं बसवलं की विसरत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. रक्तगट निगेटिव्ह असेल तर २८ व्या आठवड्याचं आणि बाळंतपणानंतर ७२ तासांतलं इंजेक्शन चुकवू नका. बाळ देणार म्हणून हे टाळलं तर तिच्या पुढच्या बाळंतपणाला धोका राहतो.

१८ ते २० आठवड्यांतली व्यंग बघायची सोनोग्राफी करून घ्या आणि निकाल तिला खरा सांगा. व्यंग निघालं तर दत्तकाची वाट बंद होत नाही. विशेष गरज असलेल्या मुलांनाही दत्तक देणारी संस्था घेते, फक्त घर मिळायला वेळ लागतो. तरी या टप्प्यावर तिनं वेगळं ठरवलं तर तिच्याशी बोलणं तोडू नका.

घरच्यांना मुलगी आहे म्हणून गर्भ नको असेल तर ते प्रकरण निराळं. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं ८३९ मुली उरल्या होत्या. लिंग तपासणं हाच १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. कुणी तपासून दिलं हे कळलं तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडं तक्रार करा. इथं मात्र आवाज चढवायला हरकत नाही.

दवाखान्यातले दोन-तीन दिवस

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं आणि जेवण मोफत असतं. बाळंतपणाच्या आधीच, आठव्या महिन्यात, दवाखान्यातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटून ठेवा. वॉर्डात खाटेशी उभं राहून मोठ्यानं "हिला बाळ द्यायचंय" म्हणायची वेळ येऊ नये. प्रसूती झाली की दवाखानाच समितीला आणि संस्थेला कळवू शकतो. चंदगड-आजऱ्याकडून ओल्या बाळंतिणीला एसटीत बसवून बाळासकट कोल्हापूरला आणायची गरज नसते.

बाळ बघायचं का, जवळ घ्यायचं का, पाजायचं का, हे ती ठरवील. "बघू नको, जीव अडकंल" म्हणून बाळ झटकन उचलून नेणं ही जुनी पद्धत. बऱ्याच जणींना नंतर तेच सगळ्यांत जास्त खुपतं. चीक बाळाला मिळाला तर उत्तमच. बाळाला बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि कावीळ बी यांची नोंद कार्डावर झाली का, वजन किती, रक्तगट कोणता, हे लिहून घ्या. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी.

पाजायचं नसेल तर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी छाती दगडासारखी होते. आयाबाया तेव्हा फडक्यानं घट्ट बांधायला सांगतात. ते करू नका, गाठी होऊन पू धरतो. अंगाबरोबर बसणारी ब्रा, गार पाण्याच्या घड्या, दुखण्यावर पॅरासिटामॉल, आणि ताण असह्य झाला तर हातानं थोडंसंच दूध काढणं. पूर्ण रिकामी केली की पुन्हा तेवढंच भरतं. लालसर पट्टा, थंडी-ताप आला तर डॉक्टर. दूध थांबायच्या गोळ्या असतात, पण रक्तदाब वाढलेल्या बाईला त्या चालत नाहीत, म्हणून मनानं आणायच्या नाहीत.

समितीपुढं

बाळ देण्याची कायदेशीर जागा एकच: बालकल्याण समिती. बाल न्याय कायदा २०१५, कलम ३५. डॉक्टर, वकील, नोटरी, सरपंच, यांतल्या कुणालाही बाळ घ्यायचा किंवा द्यायचा अधिकार नाही. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. महिन्यातून निदान वीस दिवस बैठक होते, तरी जाण्याआधी जिल्हा बाल संरक्षण कक्षाला फोन करून वार आणि वेळ पक्की करा. कोल्हापुरात सहा वर्षांखालच्या मुलांचं शिशुगृह मंगळवार पेठेतल्या बालकल्याण संकुलात आहे.

बरोबर न्यायचं: आधार, डिस्चार्ज कार्ड, माता-बाल कार्ड, जन्माचा दाखला मिळाला असेल तर तो, फोटो. लग्न झालेलं असेल तर नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात; नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखला. नवरा बेपत्ता असेल तर तसं सांगा, मग बाळ 'सोडलेलं बालक' धरून चौकशी होते आणि जरा वेळ लागतो. लग्नाशिवाय झालेलं बाळ फक्त आईच देऊ शकते. बाळाच्या बापाच्या सहीची गरज नाही. आई अठराच्या आतली असेल तर बरोबरच्या सज्ञान माणसाची साक्षीदार म्हणून सही. आजी-आजोबांनी बाळ आणून दिलं तर ते सरेंडर, म्हणजे कायद्यानं बाळ सोपवणं, होत नाही.

समिती आधी समुपदेशन करते आणि "बाळ ठेवता येईल का" हे पुन्हा पुन्हा विचारते. घाबरलेल्या पोरीला वाटतं की हाकलून लावताहेत. तसं नाही, तसं विचारणं त्यांना नियमानंच भाग आहे. तिला हे आधी सांगून ठेवा. आणि खरंच ठेवावंसं वाटलं, तर त्यासाठी काय मदत मिळते तेही तिथंच विचारा. आमच्या लेखी ते दत्तकापेक्षा कमी नाही.

तिची खात्री असेल तर सरेंडर डीड, म्हणजे बाळ सोपवल्याचा कागद, लिहिला जातो. सही करण्याआधी पूर्ण वाचून घ्या, वाचता येत नसेल तर मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. एक प्रत तिला मिळाली पाहिजे, मागून घ्या. घराण्यातला मधुमेह, सिकलसेल, फिट्स, गरोदरपणातली औषधं, हे लिहून द्या. पुढं त्या मुलाच्या डॉक्टरला एवढीच माहिती मिळणार असते. नाव गुप्त ठेवलं जातं. हे आपल्याकडं नवीन नाही: फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हाही गुप्तपणे बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं ते तुमच्या खुशीवर, असंच सांगितलं होतं.

साठ दिवस

सहीनंतर फेरविचाराला ६० दिवस असतात. तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवा: १० जूनला सही झाली तर ९ ऑगस्ट. या काळात बाळ परत हवं असेल तर समितीकडं लेखी अर्ज करायचा. समिती चौकशी करून बाळ परत देऊ शकते. फोनवर "बघू या, विचार चाललाय" म्हटलेलं धरलं जात नाही. मुदत संपली आणि समितीनं बाळ दत्तकासाठी मोकळं झाल्याचं जाहीर केलं की मागं फिरता येत नाही. म्हणून पन्नासाव्या दिवशी तिला एकदा भेटून सरळ विचारा, आणि उत्तर काहीही आलं तरी तोंड वाकडं करू नका.

पुढं बाळ कुणाकडं जाणार हे ती निवडू शकत नाही. आई-बाप कारा या केंद्रीय संस्थेच्या यादीतून क्रमानं येतात. तान्ह्या बाळासाठी नोंदवून वर्षानुवर्षं थांबलेली जोडपी तिथं आहेत. त्यांच्या घराची पाहणी झालेली असते, आणि बाळ गेल्यावरही दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी संस्था जाऊन बघते. घरातल्या म्हाताऱ्या "परक्याच्या दारात आपलं रक्त" म्हणून रडायला लागल्या तर त्यांना कागलच्या घाटग्यांच्या यशवंतरावांची आठवण द्या. १८८४ मध्ये ते दत्तक आले, तेच आपले शाहू महाराज.

सौदे आणि पाळणे

"पन्नास हजार देतो, बाळ दे, दाखल्यावर आमचंच नाव घालू" हा प्रस्ताव बहुतेक वेळा दवाखान्याच्या पायरीवरच येतो, आणणारा कधी आयाबाई असते, कधी एजंट. मूल विकणं आणि विकत घेणं, दोन्हीला बाल न्याय कायद्याच्या कलम ८१ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख दंड. दवाखान्यातलाच माणूस असेल तर तीन ते सात वर्षं. असा दत्तक कधीच पक्का होत नाही आणि पकडला गेला की मूल त्या घरातून पुन्हा संस्थेत येतं. पैसे न घेता, नोटरीच्या शंभराच्या कागदावर "खुशीनं दिलं" लिहून दिलं तरी ते बेकायदाच. नात्यातच द्यायचं असेल तर त्याची वेगळी रीतसर पद्धत आहे. हिंदूंमध्ये सहसा वकील गाठून दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदवतात.

उसाच्या फडात, देवळाच्या पायरीवर, एसटी स्टँडवर बाळ टाकणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ खाली सात वर्षांपर्यंतचा गुन्हा आहे. समितीपुढं देणं हा गुन्हा नाही. अगदीच तोंड दाखवता येत नसेल तर संस्थेच्या दारातला पाळणा असतो. त्यात बाळ ठेवून घंटा वाजवा, गुंडाळलेल्या कापडात जन्माची तारीख-वेळ, रक्तगट आणि दिलेल्या लशींची चिठ्ठी ठेवा. उघड्यावरच्या बाळाचा रात्रीच्या गारठ्यात थोड्याच तासांत जीव जाऊ शकतो.

त्यानंतर तिचं

सहा आठवड्यांनी तिची तपासणी असते; बाळ नाही म्हणून ती बहुतेक जणी चुकवतात. बरोबर जा. झोप नाही, जेवण नाही, सारखं रडू, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं दोन आठवड्यांपुढं गेलं तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. जीव द्यायची भाषा असेल तर दोन आठवडे थांबूच नका. "झालं ते झालं, आता विसर" हे वाक्य मात्र वापरू नका. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या आसपास ती पुन्हा ढासळते. ती तारीख तुमच्याही लक्षात असू द्या.

डीडची प्रत तिच्या घरात सापडली तर भांडण होणार असेल तर ती तुमच्याकडं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोरड्या जागी ठेवा. दत्तक गेलेलं मूल अठरा वर्षांचं झाल्यावर आपल्या मुळाचा शोध मागू शकतं. आईनं नाव गुप्त ठेवायला सांगितलेलं असेल तर तिची संमती विचारली जाते. तिचं लग्न होऊन पत्ता बदलला, किंवा तिचं मत बदललं, तर तसं लेखी संस्थेला कळवून पोच घ्यायची आणि ती पोच त्याच पिशवीत ठेवायची.